लेकीला हॉस्टेल घेऊ की पीजी? मेसचे वर्षाचे पैसे आधीच भरा म्हणतायत

निपाणीची आई

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, काय चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. लेकीला सीईटीतून बेळगावात इंजिनिअरिंगची सीट लागलीय, कॉलेजचं नाव टाकत नाही, उगंच नंतर कुणी बोलायला नको. आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले. बसला पैसे नाहीत, कर्नाटकात बायकांना मोफत बसची शक्ती योजना आल्यापासून म्हणजे २०२३ च्या जूनपासून आधार दाखवलं की शून्याचं तिकीट मिळतंय, पण गावातून निपाणी, निपाणीतून बेळगाव, तिथनं परत सिटी बस, असं एका बाजूला अडीच तास जातात, रोजचं काय जमणार नाही. म्हणून तिथं ठेवणं आलंच.

तर आता असं आहे. कॉलेजच्या हॉस्टेलचे खोलीचे वर्षाला ४०,०००, मेसचे ४८,००० आणि डिपॉझिट १०,०००, सगळं एकदम भरायचं. मेस नको म्हणून चालत नाही, खोली घेतली की मेस घ्यायचीच. दुसरीकडे टिळकवाडीत एक लेडीज पीजी बघून आलो, तिथं दोन वेळचं जेवण धरून महिन्याला ६,५०० आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. मिस्टर म्हणतात हॉस्टेल सेफ, संपला विषय. सासूबाई म्हणतात पोरगी भात खाऊन खाऊन फुगंल नाहीतर वाळंल. आणि लेक म्हणते मला काहीही चालतंय, तुम्ही आधी काय ते ठरवा.

माझी खरी काळजी खाण्याचीच आहे. बारावीत तिचं हिमोग्लोबिन ९ वर आलेलं, चार महिने गोळ्या चालल्या, डॉक्टरांनी पालेभाजी, शेंगा, गूळ, अंडी असं सगळं लिहून दिलेलं. घरात मी मागं लागून खायला घालते. तिथं कोण मागं लागणार? अॅडमिशनच्या दिवशी मेस दाखवायला नेलं तेव्हा हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, पुरी, दोन भाज्या, लिंबाचं लोणचं असा थाट होता, आम्ही खूश. बाहेर आलो तर एक थर्ड इयरची पोरगी हळूच म्हणाली, काकू आजच्यासारखं रोज नसतंय हां. तेव्हापासून माझी झोप उडालीय. मेनूचा कागद भिंतीवर आहे पण कन्नडात, मला अर्धाच कळला. भात, सांबार, चित्रान्न, उपीट एवढं लागलं. ज्वारीची भाकरी कुठं दिसली नाही.

ज्यांची मुलं राहून आलीत किंवा राहतायत त्यांनी सांगा. शनिवारी दुपारी घरी येणार, रविवारी रात्री नाहीतर सोमवारी पहाटे जाणार, मग त्या दिवसांचे पैसे कापून मिळतात काय? आणि मध्येच सोडलं तर?

हॉस्टेल रिटर्न

काकू मी २०२० ते २४ चार वर्षं हॉस्टेलात काढलीत, बेळगावातच, तुमचंच कॉलेज आहे का माहीत नाही, पण नियम बहुतेक ठिकाणी सारखेच. पैसे कापून मिळायला मेस कट म्हणतात. आमच्याकडं सलग तीन दिवस गैरहजर असलात आणि एक दिवस आधी ऑफिसात लिहून दिलं असेल तरच कट धरायचे. आता बघा, शनिवार दुपार ते रविवार रात्र म्हणजे दीड दिवस, म्हणजे दर आठवड्याला घरी जाणाऱ्याला वर्षभरात एक रुपया परत मिळत नाही. नियम असाच बसवलेला असतो, आठवड्याला जाणारी पोरं जास्त असतात ना आपल्याकडची, निपाणी चिकोडी गोकाक खानापूरची. बिदर, रायचूरकडची पोरं दिवाळीलाच जायची, त्यांना मात्र सलग दिवस मिळायचे.

मी एकदा सेकंड इयरला बसून मोजलेलं, सेमिस्टर संपल्यावरची सुट्टी, परीक्षेआधीची स्टडी हॉलिडे, सणवार, शनिवार रविवार सगळं वजा करून मी मेसमध्ये खरंच जेवलो ते दिवस २१० भरले. तुमचे ४८,००० भागिले २१० करा, दिवसाला २२८ होतात. कॉलेजवाले दहा महिने धरून सांगतात की दिवसाला १६० फक्त. दोन्ही हिशोब खरे आहेत पण आपल्या खिशातनं जातात ते २२८ वाले.

आणि भाकरीचं म्हणाल तर बुधवारी रात्री मिळायची, कडक, पापडासारखी. तरी त्याच दिवशी गर्दी जास्त असायची हे पण खरं.

टिळकवाडीची डबेवाली काकू

मी तेरा वर्षं डबे करते, सध्या ४२ डबे आहेत, त्यातले निम्मे कॉलेजच्या पोरापोरींचे, त्यामुळं या विषयावर मी बोलणारच. आधीच सांगते माझा धंदा आहे म्हणून मी मेसला नावं ठेवते असं समजू नका, चारशे पोरांचा स्वयंपाक आणि बेचाळीस डबे यात फरक असतोच.

मेसमध्ये काय होतं ते सांगते. बहुतेक ठिकाणी ठेकेदार असतो, कॉलेज त्याला डोक्यामागं पैसे देतं. किती पोरं जेवायला येणार हे त्याला नीट कधीच माहीत नसतं. अंदाज चुकला आणि ऐनवेळी पन्नास पोरं जास्त आली तर भात परत टाकता येतो, चपात्या परत लाटता येत नाहीत, मग आमटीत पाणी. म्हणून मी तर म्हणते मेस बघायची असेल तर भाजी बघू नका, आमटी बघा. सातला वाढलेली आणि पावणेनऊला वाढलेली एकसारखी दाट आहे काय? असेल तर तो माणूस चांगला. दुसरं म्हणजे चपाती. मशिनवरची असते, गरम असताना काय दोष नाही, पण एका डब्यात शंभर शंभर रचून ठेवल्या की वाफेनं खालच्या चिकटतात आणि वरच्या वातड होतात. तुमची लेक लॅब संपवून उशिरा जेवायला जाणार असेल तर तिच्या ताटात कायम शेवटच्या चपात्या. वेळ विचारा, रात्रीचं जेवण किती ते किती.

माझा डबा एक वेळचा ६०, जितके दिवस तितके पैसे, आदल्या रात्री आठच्या आत मेसेज टाकायचा. २१० दिवस दोन वेळचे म्हणजे २५,२०० होतात. पण त्यात नाश्ता नाही, चहा नाही, दूध नाही, हे पण धरा. पोरं मग नाश्त्याला बाहेर ४० रुपयांचं उपीट, इडली खातात नाहीतर सकाळचं काहीच खात नाहीत आणि दुपारपर्यंत चहावर. पोरी तर जास्तच. तुमच्या लेकीचं हिमोग्लोबिन नाश्ता बुडवण्यानं जाईल, भातानं नाही. तर नाश्ता जिथं पक्का मिळतो तिथं ठेवा हे माझं मत, मग ते हॉस्टेल असलं तरी चालेल. आणि जेवल्या जेवल्या चहा प्यायची सवय असेल तर मोडा, लोह लागत नाही अंगाला. माझ्या डॉक्टरीणबाईंनी मलाच सांगितलेलं.

खानापूरकर

पीजीचा अनुभव माझ्याकडनं घ्या, दुसऱ्याला तरी उपयोग व्हावा. थोरला बेंगळूरला होता, धाकटा आता बेळगावला रोज रेल्वेनं नाहीतर बसनं जाऊन येऊन करतोय, २६ किलोमीटर काय लांब नाही. थोरल्याच्या पीजीवाल्यानं सोडताना डिपॉझिटातले एक महिन्याचे पेंटिंग म्हणून कापले. भिंतीला हातसुद्धा लावला नव्हता पोरानं. कागद काढून बघितला तर लिहिलेलंच होतं, आम्हीच वाचलं नव्हतं, इंग्लिशमधी बारीक अक्षरात. तर सही करायच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्या बघा. नोटीस किती दिवसांची, डिपॉझिटातनं नक्की काय कापणार, आणि मे जूनच्या सुट्टीत भाडं पूर्ण, अर्धं की नाही. आमच्याकडनं सुट्टीतलं पण पूर्ण घेतलं, पोरगं घरी आंबे खात होतं आणि मी तिकडं भाडं भरत होतो. तुमचे ६,५०० अकरा महिन्यांचे धरले तर ७१,५०० होतात आणि डिपॉझिट वेगळंच, म्हणजे हॉस्टेलपेक्षा स्वस्त दिसतंय पण रविवारी रात्रीचं जेवण बहुतेक पीजीत नसतंय ते विचारा.

अजून एक. जीएसटी लावतो म्हणाला तर ऐकून घेऊ नका. २०२४ च्या जुलैपासून माणशी महिन्याला २०,००० पर्यंत भाडं असेल आणि सलग ९० दिवस राहणार असेल तर जीएसटी नाही. आमच्या थोरल्याकडनं त्यानंतर पण दोन महिने घेतलेला, ऑडिटवाल्या मेहुण्यानं फोन केल्यावर परत दिला, तोही भाड्यातनं वळता करून.

आणि पाणी विचारा. बेळगावला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी, काही भागात चोवीस तास, काही भागात चार-चार दिवसांनी. बोअर आहे काय, टाकी केवढी आणि पोरी किती. एप्रिलमध्ये कळतं सगळं, अॅडमिशनच्या वेळेला नाही कळत.

कोल्हापुरी झटका

एवढं करण्यापेक्षा कोल्हापूरला टाकायची होती. महाराष्ट्राच्या सीईटीत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी टाइप ई म्हणून वेगळी वर्गवारी आहे की. निपाणीतून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, रोज घरी जेवायला.

निपाणीची आई

@कोल्हापुरी झटका दादा ते केलेलं सगळं. दोन्हीकडच्या सीईटी दिल्या पोरीनं. तिकडं जी ब्रँच मिळत होती ती तिला नको होती, आणि फीचा पण फरक होता. आणि रोज कागल-कोगनोळी टोलनाका करत कोल्हापूर, ते पण काय फुकटात नाही. लालपरीला बायकांना अर्धं तिकीट आहे खरं, पण ते हद्दीपर्यंत. आता सीट घेतलीय, मागं वळून काय उपयोग.

@डबेवाली काकू तुमचं नाश्त्याचं वाचून मी गप्पच झाले. बारावीत क्लासला सहाला जायची आणि काही न खाता जायची. माझ्या डोक्यात भाकरी आणि भातच फिरत होतं.

शेडबाळचे अण्णा

आमची अडचण जरा वेगळी आहे ती पण ऐका, इकडं शेडबाळ, उगार, सदलगा, बेडकीहाळकडचे जैन पालक वाचत असतील. आमच्या घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, कांदा लसूण बटाटा नाही. मुलीला हॉस्टेलला ठेवलं तेव्हा वॉर्डन बाईंनी हो हो म्हणून सांगितलं, जैन जेवण मिळतंय. मिळत होतं, पण साडेसातला. दिवाळीच्या सुमाराला सूर्य सहाला मावळतोय. दोन महिने पोरगी संध्याकाळी केळी आणि चुरमुरे खाऊन राहिली आणि आम्हाला सांगितलं नाही, का तर अण्णा येऊन भांडतील. दिवाळीला घरी आली तेव्हा आईनं हात धरला तर बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. मग गेलो. भांडलो नाही, लेखी अर्ज दिला, त्याच अडचणीच्या अकरा मुली निघाल्या, त्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आता साडेपाचला त्यांचं वेगळं काढून देतात. म्हणजे मेसवाला वाईट नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं ते ऑफिसला.

मी स्वतः कोल्हापूरला बोर्डिंगात शिकलोय. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मागोमाग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, आमचं जैन बोर्डिंग पण त्याच वर्षीचं. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं तर तो शिकतोय एवढं त्यांना कळलेलं. आमच्या वेळेला स्वयंपाक्याच्या हाताखाली पोरांच्या पाळ्या असायच्या, डाळ निवडायला, ताटं मोजायला, त्यामुळं किती शिजलं न किती उरलं सगळ्यांना ठाऊक. बेळगावातही समाजाची वसतिगृहं आहेत, शिवबसवनगरात नागनूर मठाचं आहे, चौकशी करायला काय हरकत आहे. मुलींच्या जागा कमी असतात, उशीर केलात तर मिळत नाही.

बाप माणूस ७२

आम्ही शिकलो तेव्हा खोलीत स्टोव्हवर पिठलं करून खाल्लं. मेसबिस काय नव्हतं. आजकालचे पालक मुलांना हातानं भरवायला हॉस्टेलपर्यंत जातील. राहू दे की जरा उपाशी, कळंल आईच्या हातची किंमत.

टिळकवाडीची डबेवाली काकू

@बाप माणूस पिठलं खाल्लंत, चांगलं केलंत. पोरीचं रक्त ९ वर होतं लिहिलंय वर, वाचायचं की आधी.

हॉस्टेल रिटर्न

😂 काकू जिंकल्या.

निपाणी काकू, अजून थोडं राहिलं माझं. मेस कमिटी असते, त्यात पोरं घेतात. पहिल्या वर्षाला कुणी जात नाही, सीनियर लोकांचं काम म्हणून. तिला जायला सांगा. मी सेकंड इयरला होतो, महिन्यातनं एकदा ठेकेदारासोबत बसायचो, आम्ही फक्त दोन गोष्टी बदलून घेतल्या, एक म्हणजे आठवड्यातनं तीनदा उकडलेलं अंडं, शाकाहारी पोरांना त्याऐवजी केळं, आणि दुसरं मटकीची उसळ. पैसे तेवढेच. त्यानं फक्त दोन दिवसांचं पनीर बंद केलं, जे तसंही ग्रेव्हीत शोधावं लागायचं.

मेसमध्ये एफएसएसएआयचा म्हणजे अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर लावलेला असायला पाहिजे, नसेल तर विचारा. तक्रारीला फूड सेफ्टी कनेक्ट म्हणून अॅप आहे. पण आधी वॉर्डन, मग अॅप, उलटं केलं तर पोरीलाच चार वर्षं राहायचंय तिथं.

रॅगिंगचं कुणी बोललं नाही म्हणून टाकतो, १८००-१८०-५५२२ हा यूजीसीचा नंबर, चोवीस तास चालतो, फोनमध्ये सेव्ह करून द्या. ते अँटी रॅगिंगचं हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनी दरवर्षी भरायचं असतं, नुसतं अंगठा मारल्यासारखं भरू नका, त्यात काय काय रॅगिंग धरतात ते वाचा. मेसमध्ये सीनियरचं ताट आणून द्यायला लावणं पण त्यात येतं. आमच्याकडं पहिल्या महिन्यात चालायचं ते.

आणि शेवटचं, रात्री साडेनऊला मेस बंद झाली की पोरं गेटबाहेर गोबी मंचुरियन खातात, ते काय थांबवता येणार नाही तुम्हाला. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं गोबीत रंग घालायला बंदी केली तेव्हा आमच्या गाड्यावाल्याची गोबी एकदम फिकट पिवळी झाली, आठ दिवस कुणी खाईना. मग परत लागले खायला. लाल भडक दिसली कुठं तर तिथं खाऊ नको एवढंच सांगा.

खानापूरकर

विद्यासिरी कुणी सांगितलं नाही का अजून? हॉस्टेलला जागा न मिळालेल्या मागासवर्गीय मुलांना राज्य सरकार जेवणखाण आणि राहण्यासाठी दहा महिने दरमहा ठरावीक पैसे देतं. मराठा कर्नाटकच्या मागासवर्गीय यादीत ३बी गटामध्ये येतो, चालतंय, उत्पन्नाची अट आहे. एसएसपी म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचं, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं, म्हणजे महसूलच्या ऑफिसातनं, आधीच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर मरतोय. बीसीएमची म्हणजे मागासवर्गीय कल्याण खात्याची सरकारी हॉस्टेलं पण आहेत, तिथं जेवण सरकारी खर्चानं. पोरगी तिथं राहत असेल तर विद्यासिरी नाही, दोन्हीपैकी एक.

निपाणीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते, जरा लांब होईल.

तुमचं सगळं वाचून मी मिस्टरांना म्हटलं परत एकदा मेस बघू, न सांगता. ते म्हणाले लोक काय म्हणतील. म्हटलं म्हणू देत. गुरुवारी तसंही बेळगावला जायचं होतं, नणंदेच्या घरी वास्तुशांती होती अनगोळात, तिथनं रात्री आठ वाजता सरळ हॉस्टेलवर. वॉर्डन मॅडम आधी म्हणाल्या सहानंतर भेट नाही. माझं कन्नड मोडकं आहे तरी म्हटलं, मॅडम, ऊट माडबेकु, जेवायचंय आम्हाला, पैसे देतो. त्या हसल्याच. मग ७० रुपयांचं गेस्ट कूपन काढून मला आत घेतलं, मिस्टरांना बाहेरच्या खोलीत बसवलं.

चपाती गार होती पण वातड नव्हती. बीटची कोशिंबीर, वांग्याची भाजी, भात, सांबार, ताक. आमटीचं डबेवाली काकूंनी सांगितलेलं म्हणून मी मुद्दाम साडेआठपर्यंत थांबून परत वाटीभर मागून घेतली. थोडी पातळ झालेली, खोटं कशाला बोलू, पण पाण्यासारखी नव्हती. हुग्गी अर्थातच नव्हती.

पण मी काय बघितलं सांगू का. प्रत्येक टेबलावर चटणीच्या बाटल्या. हॉर्लिक्सच्या, बोर्नव्हिट्याच्या, लोणच्याच्या जुन्या बरण्या, वर चिकटपट्टी लावून नावं लिहिलेली, काही कन्नडात काही मराठीत. जेवायला येताना पोरी ताटाबरोबर बरणी घेऊन येत होत्या. माझ्या शेजारी बागलकोटकडची एक मुलगी बसलेली, तिनं न विचारता माझ्या ताटात गुरेळ्याची म्हणजे कारळ्याची चटणी वाढली आणि वर तेल सोडलं. म्हणाली आंटी, नुसतं सांबार कसं जाईल. मला तिथंच भरून आलं, मिस्टरांना सांगितलं नाही.

नाश्ता साडेसात ते नऊ, आणि कॉलेज नऊला, म्हणजे नाश्ता चुकवायला कारण नाही. अंडी नाहीत, ते मेस कमिटीतनं बघू असं लेकीला सांगितलंय, तिनं तोंड वाकडं केलं पण नाही म्हणाली नाही. पैशाचं ऑफिसात विचारलं तेव्हा क्लार्क म्हणाले वर्षाचेच भरायचे. मी म्हटलं लिहून द्या तसं. मग ते आत गेले, पंधरा मिनिटांनी येऊन म्हणाले अर्ज करा, सेमिस्टरनं भरायची सवलत आहे. आधी सांगितलंच नव्हतं. मेस कट मात्र तुम्ही म्हणालात तसाच, सलग तीन दिवस. म्हणून मी हिशोब करून लेकीला म्हटलं दर आठवड्याला येण्यापेक्षा पंधरा दिवसांनी ये आणि जोडून सुट्टी बघून ये. तर म्हणते आई आता तूच मला येऊ नको म्हणतेस. आता काय बोलायचं.

तर हॉस्टेल घेतलंय, एक सेमिस्टर. पुढचं तिला विचारून. दसऱ्याच्या सुट्टीत आली की परत रक्त तपासणार आहे.

डबेवाली काकू, एक विचारायचं राहिलं. शेंगांची चटणी जुलै ऑगस्टच्या पावसात किती दिवस टिकते? बेळगावचा पाऊस म्हणजे कपाटातले कपडेसुद्धा ओले लागतात म्हणे. तेल घालून देऊ की कोरडीच?

टिळकवाडीची डबेवाली काकू

कोरडीच द्या. शेंगा मंद आचेवर चांगल्या खरपूस भाजा, लसूण तव्यावर सुकवून मग कुटा, ओला लसूण राहिला की पंधरा दिवसात वास येतो. बरणी उन्हात तापवून घ्या, ऊन नसेल तर तव्यावर उपडी ठेवा जरा वेळ. काचेची असेल तर नको हां, फुटंल, स्टीलचा डबा घ्या. वर तेल तिथं ताटात घेऊ दे. महिनाभर काही होत नाही.

आणि दोन डबे द्या. एक पहिल्या आठवड्यातच संपतो, तो तिच्या एकटीच्या पोटात जात नाही.